टाळेबंदीत लेकीची शाळा बदलली तेव्हा

जून २०२१ मध्ये आम्ही आमच्या मुलीला नाशिकच्या सिडकोतल्या एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढून घराजवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत तिसरीत घातले. त्यानंतर जो भेटेल तो एकच प्रश्न विचारत असे, "फी परवडेना म्हणून का?" घाईत असले की मी "हो" म्हणून मोकळी होत असे. ते उत्तर खोटे नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे सांगायला निवांत बसावे लागते, म्हणून हे लिहीत आहे.

माझे यजमान अंबड औद्योगिक वसाहतीत, वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कारखान्यात सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर) सेटर, म्हणजे यंत्र जुळवून देणारे, आहेत आणि मी एका पतसंस्थेत अर्धवेळ लेखनिकाचे काम करते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या आणि पहिलीतली आमची मुलगी परीक्षा न देताच दुसरीत गेली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. कारखाना बंद पडला, एप्रिलचा पगार निम्मा आला, मे महिन्यात काहीच आले नाही आणि जूनमध्ये काम सुरू झाले तेव्हा तीन पाळ्यांच्या जागी एकच पाळी उरली होती. शाळेची वर्षाची फी चौतीस हजार रुपये होती. व्हॅन, गणवेश आणि शाळेतूनच घ्यावी लागणारी वह्यापुस्तके धरली तर हिशेब पन्नास हजारांच्या घरात जात असे. तोवर पोटाला चिमटा काढून तो आम्ही भागवत होतो आणि त्यात काही चुकते आहे असे कधी वाटले नव्हते.

८ मे २०२० च्या शासन निर्णयात, त्या वर्षी शाळांनी फीवाढ करू नये आणि पालकांना हप्त्याने फी भरण्याची मुभा द्यावी, असे म्हटले होते. ते वाचून थोडा धीर आला, तोच जूनच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आमच्या हातात वर्तमानपत्रातले कात्रण आणि शाळेकडून येणारे संदेश एवढेच राहिले. संदेशांत प्रत्यक्षात बंद असलेल्या संगणक कक्षाचे आणि उपक्रमांचे शुल्कही मागितलेले होते. वर्गातल्या काही पालकांनी मिळून तक्रार करायचे ठरवले, तेव्हा कळले की दुरुस्तीनंतरच्या फी नियमन कायद्यानुसार विभागीय समितीकडे जायचे तर किमान २५ टक्के पालक सोबत असावे लागतात. ज्या दिवसांत शेजारच्याचे दारही कोणी वाजवत नव्हते, त्या दिवसांत एवढे पालक गोळा करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. शाळांना पंधरा टक्के फी कमी करायला सांगणारा शासन निर्णय पुढे १२ ऑगस्ट २०२१ रोजी निघाला, पण तोवर आमचा निर्णय होऊन गेला होता.

तरीही शाळा बदलण्याचा विचार फीमुळे सुरू झाला नाही. तो सुरू झाला स्वयंपाकघरात.

घरात एकच चांगला फोन होता आणि तो यजमानांबरोबर कामावर जात असे, म्हणून साडेपाच हजारांचा एक जुना फोन घेतला. नेटची रेंज फक्त ओट्याजवळच्या खिडकीशी नीट येत असल्याने मुलगी तिथे पाटावर बसून वर्गाला हजेरी लावायची आणि मी बाजूला पोळ्या लाटत असायची. शाळेत घालून वर्ष झाले होते, पण वर्गात काय चालते ते माझ्या कानावर प्रथमच पडत होते. तोपर्यंत आम्हाला दिसत होते ते फाटकापर्यंतचे: बूट, टाय, डायरीतले शेरे आणि पालकसभेतली दहा मिनिटे.

एक दिवस तिला 'द वेल इज ड्राय' हे वाक्य पाच वेळा लिहायचे होते. अक्षर सुरेख, एकही चूक नाही. वाक्याशेजारच्या चौकटीत चित्र काढायचे होते, त्यात तिने कुंपणावर चढलेली, पाने गळालेली एक वेल काढली होती. मी विचारले, "हे काय गं?" ती म्हणाली, "वेल सुकलीये." इंग्रजीतला शब्द तिने मराठी कानाने ऐकला होता आणि तिच्या परीने अर्थ अगदी चपखल बसला होता, वाक्यही आणि चित्रही. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाकडची विहीर तिने पाहिलेली होती, कठड्यावरून आत डोकावून स्वतःचे नाव ओरडून त्याचा प्रतिध्वनीही ऐकलेला होता. वेल म्हणजे ती विहीर, एवढेच तिला कोणी सांगितले नव्हते. चित्राचा फोटो काढून आम्ही पाठवला, त्यावर तारा आला आणि पाठ पुढे सरकला.

यात त्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. पडद्यावर सेहेचाळीस मुलांचे चौकोन आणि बहुतेकांचे आवाज बंद, त्यात कोणाच्या मनात विहीर आहे आणि कोणाच्या मनात वेल, हे त्यांना कसे कळावे? त्यांचाही पगार त्या वर्षी निम्म्यावर आला होता, हे मला पुढे त्यांच्याच तोंडून कळले. पण त्या दिवसापासून मी ऐकू लागले आणि ऐकत गेले तसतशी माझी खात्री पटत गेली की मुलगी हुशारीने आवाजांची नक्कल करते आहे, 'येस टीचर' वेळेवर म्हणते आहे, पण तिच्या आणि पुस्तकाच्या मध्ये जे घडायला हवे ते घडतच नाही. शाळा उघडी असती तर हे माझ्या लक्षात यायला आणखी किती वर्षे लागली असती, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होते.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचे सर्वेक्षण सुरू झाले. आमच्या गल्लीत आलेल्या पथकात महापालिका शाळेतल्या एक शिक्षिका होत्या. दाराबाहेर उभे राहूनच त्यांनी सगळ्यांचे तापमान घेतले, बोटाला ऑक्सिमीटर लावला. मुलीने त्या यंत्राविषयी विचारले तेव्हा त्यांनी ते तिच्याच बोटाला लावून दिले आणि म्हणाल्या, "तूच वाच बरं, किती आहे?" ती म्हणाली, "नाइन्टी-एट." "मराठीत?" मुलगी माझ्याकडे बघू लागली. त्यावर त्या बाई हसल्या नाहीत की माझ्याकडे बघून मान हलवली नाही. खाली वाकून, मास्कमधूनच त्यांनी तिला विचारले, "नव्वद येतं? मग नव्वदवर किती?" "आठ." "मग झालं, नव्वद आठ, अठ्ठ्याण्णव." २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची ही रीत आली, तेव्हा 'सत्तावीसला वीस सात म्हणायचे का' यावरून मोठा गदारोळ झाला होता आणि मीही घरबसल्या नाके मुरडली होती. त्या रीतीने माझ्या मुलीला एका मिनिटात अठ्ठ्याण्णवपर्यंत पोहोचलेले मी दारात उभी राहून पाहिले. त्यानंतर आठवडाभर ती घरातल्या प्रत्येक वस्तूवरची किंमत 'ऐंशी पाच, पंच्याऐंशी' अशी मोठ्याने वाचत होती.

बाईंना दिवसाला ठरावीक घरे उरकायची होती, त्या पुढच्या दारी गेल्या. त्या कोणत्या शाळेत आहेत, एवढे मी विचारून ठेवले.

जानेवारी २०२१ मध्ये फीचा दुसरा हप्ता थकला म्हणून मुलीला वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातून काढून टाकण्यात आले. सकाळी लिंक आली नाही, म्हणून तिला वाटले की आज सुट्टी आहे. तीन दिवस तिला तसेच वाटू दिले. चौथ्या दिवशी रात्री आम्ही दोघे पहिल्यांदा उघडपणे शाळा बदलण्याविषयी बोललो.

शेजारच्या वहिनींनी आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या, पंचवीस टक्के जागांतून प्रयत्न करायला सुचवले. चौकशी केली तर तो प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गासाठी असतो आणि आमची मुलगी दुसरीत होती, तेव्हा ती वाट बंदच होती. कमी फीच्या एका दुसऱ्या इंग्रजी शाळेतही जाऊन आलो. तिथे कार्यालयात फीचा तक्ता छापील होता. पण तिसरीला कोण शिकवते, या प्रश्नावर "स्टाफ अजून ठरायचा आहे" असे उत्तर मिळाले.

सर्वांत जास्त विरोध घरातून झाला आणि तो माझ्या सासूबाईंचा होता, याचे मला त्या वेळी नवल वाटले. त्यांनी स्वतःच्या मुलाला गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले होते. मी तेच बोलून दाखवले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तेव्हा सगळ्यांचीच पोरं तिथं होती. पाटलाचं होतं, आमचंही होतं. आता तिथं फक्त ज्याला दुसरं काही जमत नाही त्याचं पोर जातं. माझ्या नातीला त्यांच्यात ढकलू नका." मी बराच वेळ गप्प राहिले. त्यांचे म्हणणे पूर्ण चूक नव्हते. ज्यांच्या बोलण्याला वजन आहे अशा घरांतली मुले शाळेतून निघून गेली की त्या शाळेचा नळ कोण दुरुस्त करून घेणार? पण त्याच वाक्यात माझे उत्तरही होते, आणि ते मी त्यांना तेव्हा देऊ शकले नाही. इंग्रजीविषयीची त्यांची काळजी मात्र थोडी दूर करता आली, कारण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, हे त्यांना ठाऊक नव्हते.

फेब्रुवारीत आम्ही दोघे महापालिकेच्या तीन शाळा पाहून आलो. पाचवी ते आठवीचे वर्ग तेव्हा काही आठवडे भरत होते, त्यामुळे शाळा उघड्या सापडल्या. मी प्रत्येक ठिकाणी आधी मुलींचे स्वच्छतागृह पाहिले, मग पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मग वर्ग. पहिल्या शाळेत स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच सांगता येईना. दुसरी शाळा उत्तम होती, पण मोठा रस्ता ओलांडून जावे लागे. तिसरी म्हणजे त्या बाईंची शाळा, घरापासून चालत आठ मिनिटांवर. इमारत जुनी, एका खोलीच्या भिंतीला ओल आलेली, पण स्वच्छतागृहात पाणी होते आणि फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख होती. मुख्याध्यापिकांनी तिसरीला सत्तावीस मुले असल्याचे सांगितले आणि मी न विचारता हेही सांगितले की त्यांतल्या निम्म्यांच्या घरी फोन नाही. आमच्या तोंडावर चांगले बोलायची त्यांना सोय होती, तरी त्यांनी तसे केले नाही. माझ्या मनाचा काटा तिथे झुकला.

मग दुसरी लाट आली. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये नाशिककरांना शाळेचा विचार सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती. रेमडेसिवीरसाठी आणि प्राणवायूसाठी माणसे शहरभर वणवण करत होती, आणि २१ एप्रिलला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातल्या प्राणवायूच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण दगावले, त्या दिवशी तर आमच्या गल्लीत संध्याकाळी कोणाच्या घरातून आवाजही येत नव्हता. आमच्या इमारतीतली दोन माणसे त्या महिन्यात गेली.

जूनमध्ये आम्ही शाळा सोडल्याचा दाखला मागितला. आधी थकबाकी भरा, मग दाखला, असे तोंडी उत्तर मिळाले. याच ठिकाणी बहुतेक पालक मागे फिरतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार, मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल तर दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा त्याला हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला तरी नवी शाळा त्या कारणाने प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. हे मला महापालिका शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सांगितले. जन्मदाखला आणि आधार कार्ड एवढ्यावर त्यांनी मुलीचे नाव त्याच दिवशी दाखल करून घेतले आणि शासनाच्या सरल प्रणालीतून जुन्या शाळेला बदलीची ऑनलाइन विनंती पाठवली. मी साध्या कागदावर कलमाचा उल्लेख करून अर्ज लिहिला, एक प्रत रजिस्टर पोस्टाने जुन्या शाळेला पाठवली आणि एक महापालिकेच्या शिक्षण विभागात प्रत्यक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये, हे पतसंस्थेत काम करून अंगी लागलेले आहे. पाचव्या आठवड्यात दाखला मिळाला. थकलेल्या फीतले शिकवणीचे शुल्क आम्ही पुढे तीन हप्त्यांत भरले, कारण त्या महिन्यांत शिकवणाऱ्या बाईंनी शिकवले होते. संगणक कक्षाचे पैसे मात्र दिले नाहीत.

नवी शाळाही बंदच होती, हे विसरून चालणार नाही. १ जुलैपासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला, आदल्या वर्षीचे राहिलेले भरून काढण्यासाठी. ज्यांच्याकडे फोन होता त्यांना संदेश यायचे. ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यासाठी बाई आठवड्यातून दोनदा वस्तीतल्या मारुतीच्या देवळाच्या मंडपात पाच-सहा मुलांना अंतर ठेवून बसवायच्या. आमच्याकडे फोन असूनही मी मुलीला मंडपात पाठवायची परवानगी मागितली. पहिल्या दिवशी ती रडत परत आली. 'हातचा' म्हणजे काय ते तिला कळले नव्हते, तिला 'कॅरी' ठाऊक होते. आणि एका मुलाने तिला "इंग्लिशवाली" म्हटले होते. दुसऱ्या खेपेला बाईंनी तिला आणि त्याच मुलाला शेजारी बसवून, त्याने हातचा शिकवायचा आणि तिने त्याला इंग्रजी पाढे म्हणून दाखवायचे, असे काम दिले. दिवाळीपर्यंत ती 'टीचर' ऐवजी 'बाई' म्हणू लागली होती.

पोषण आहाराचा शिधा घ्यायला मी पहिल्यांदा गेले तो दिवसही आठवतो. शाळा बंद असल्याने शिजवलेल्या जेवणाऐवजी तांदूळ आणि कडधान्य पालकांना दिले जात होते; पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ या हिशेबाने. रांगेत उभे राहताना मला संकोच वाटत होता आणि पिशवी घडी घालून पदराआड धरली होती. माझ्या पुढच्या बाई धुणीभांडी करणाऱ्या होत्या. त्यांनी सहज विचारले, "तुमची कितवीत?" आणि "तिसरीत" म्हटल्यावर म्हणाल्या, "मग माझ्या पोराच्याच वर्गात. तीच ना, इंग्लिश पाढेवाली?" त्यांचा मुलगा म्हणजे हातचा शिकवणाराच निघाला.

डिसेंबर २०२१ मध्ये शहरातल्या लहान मुलांच्या शाळा उघडल्या. जानेवारीत तिसऱ्या लाटेने त्या पुन्हा काही दिवस बंद झाल्या, पण मग सुरू झाल्या त्या कायमच्या. एका वर्षात मुलगी मराठी गोष्टीची पुस्तके स्वतःहून वाचू लागली. मात्र काय गमावले तेही लिहायला हवे. तिचे इंग्रजी बोलणे मागे पडले आहे. तिची मामेबहीण इंग्रजी शाळेत आहे, ती सुट्टीत आली की दोघींच्या बोलण्यात एक क्षण असा येतो की आमची गप्प होते. मी रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्याबरोबर इंग्रजी वाचते, शब्द अडला की आधी वस्तू दाखवते आणि मग पुढे जाते. ते पुरेसे आहे की नाही, हे मला आणखी काही वर्षांनीच कळेल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. मुख्याध्यापिकांनी विचारल्यावर मी सदस्य झाले. पहिल्या दोन बैठका ओल आलेल्या भिंतीवर गेल्या आणि ती भिंत दुरुस्त झाली. सासूबाईंना मी जे उत्तर त्या वेळी देऊ शकले नव्हते, ते त्या दिवशी त्यांना शाळेत नेऊन ती भिंत दाखवून दिले. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "आणि नळ?"

मग बाईंची बदली झाली. ज्यांच्यामुळे आम्ही ही शाळा निवडली त्याच निघून गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. मुलीचा वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडून एकाच शिक्षकांकडे दिला गेला. यजमान म्हणाले, "आता काय करायचं?" दोन रात्री आम्ही पुन्हा तोच हिशेब मांडला, खासगी शाळांची फी विचारून आलो आणि तिसऱ्या दिवशी मी समितीच्या वतीने रिकाम्या जागेवर शिक्षक देण्याविषयी अर्ज लिहायला बसले. मुख्याध्यापिकांनी तो माझ्याकडेच सोपवला होता, कारण त्यांना माझा दाखल्याचा अर्ज आठवत होता. या अर्जावर सत्तावीसपैकी बावीस पालकांच्या सह्या आहेत, चौघांचे अंगठे आहेत, आणि एका घरी अजून मला जायचे आहे.